ताईची प्लेट

"तुम्ही काय घेणार?" सत्यजितने मेनूकार्ड माझ्याकडे सरकवत विचारलं.

"मागवायच्या आधी एक सांगायचंय," मी म्हणाले. "म्हणजे तुम्हाला नुसतं पाणी पिऊन उठता येईल."

तो हसला. मी हसले नाही. औंधमधलं ते छोटंसं इटालियन रेस्टॉरंट होतं. टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकटींची कापडं आणि आत भट्टीत भाजत असलेल्या पिझ्झाचा वास. त्या काळात लग्नासाठी मुलगा-मुलगी अशाच जागी भेटायची. कांदेपोह्यांच्या जागी लसूण लावलेला पाव आला होता, एवढाच फरक. माझं वय चौतिशीकडे झुकलेलं, त्यामुळे अशा बऱ्याच जागा माझ्या पाहून झाल्या होत्या. आणि प्रत्येक ठिकाणी मी हे वाक्य म्हटलं होतं.

"माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे," मी म्हणाले. "कॉलेजात असताना सुरू झालं. हॉस्टेलच्या भिंतीतून मित्र आपल्याबद्दल बोलतात असं त्याला वाटायला लागलं. आता गोळ्यांवर बरा असतो, पण नोकरी करू शकत नाही. वडील नाहीत. आईनंतर तो माझ्याकडे राहणार. माझ्याकडे म्हणजे, आपल्याकडे."

याच्यानंतर काय होतं ते मला पाठ होतं. समोरचा माणूस समजूतदार चेहरा करतो, एखादं सूप मागवतो, आणि रात्री त्याच्या मावशीचा आईला फोन येतो की पत्रिका जुळत नाही.

सत्यजित कर्णिकने मेनूकार्ड माझ्यापुढून उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "नाव काय त्याचं?"

"निशिकांत. निशी."

"मग आज त्याला का नाही आणलंत?"

मला असं कोणी विचारलं नव्हतं.

"माझं एक लग्न मोडलंय," तो म्हणाला. "तेव्हा नको ते झाकून ठेवण्यात सगळं गेलं. या वेळी सगळ्यांना टेबलावर बसवून जेवू या. मी चेन्नईला चाललोय कंपनीच्या कामाला, तीन आठवडे. आल्यावर निशीला घेऊन या. त्याला काय आवडतं?"

"नूडल्स," मी म्हणाले, आणि का कोण जाणे, मला रडू यायला लागलं.

घरी आल्यावर मी निशीला सांगितलं. तो गॅलरीत खुर्चीवर बसून होता. गोळ्यांमुळे तो दिवसभर असाच असायचा. शब्द जड यायचे, चालताना पाय घासायचे, आणि उजवा हात सतत थरथरायचा. कपातला चहा शर्टावर सांडायचा, म्हणून आई त्याला अर्धाच कप द्यायची.

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

"कल्याणीनगरला एक ठिकाण आहे. चिनी, थाई, जपानी असलं सगळं मिळतं."

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. "काड्यांनी खातात ना तिथे?"

"चमचे असतात रे. तू चमच्याने खा."

"आणि तो?"

"तोही चमच्यानेच खाईल."

आईने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "हेमा, त्याला नको नेऊस. तुझं एकदा होऊन जाऊ दे, मग भेटतीलच की."

"नाही आई. तो स्वतः म्हणालाय."

"म्हणतात गं सगळे." एवढंच बोलून आई पोळ्या लाटायला लागली.

पण त्या तीन आठवड्यांत एक नवल घडलं. निशी सुधारायला लागला. आधी त्याचा चेहरा बदलला. त्यावर काहीतरी हलायला लागलं, भुवया, ओठांचे कोपरे. मग एक दिवस त्याने आपणहून दाढी केली. मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर तो माझ्या ड्रॉइंगच्या दोन पेन्सिली बोटांत धरून ताटलीतले शेंगदाणे उचलत होता. मी आर्किटेक्टकडे कामाला होते, त्यामुळे घरात पेन्सिलींना तोटा नव्हता. शेंगदाणा हवेत उचलला गेला, थोडासा डगमगला आणि त्याच्या तोंडात गेला.

"निशी! हात बघ तुझा!"

"कमी झालंय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत लहानपणचा खोडकरपणा होता.

आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. "डॉक्टर म्हणालेच होते, गोळ्या लागू पडायला वेळ लागतो," ती म्हणाली. रोज जेवण झालं की ती स्वतः त्याच्या तळहातावर गोळ्या ठेवायची आणि तो पाणी पिईपर्यंत समोर उभी राहायची. इतक्या वर्षांच्या त्या उभं राहण्याचं चीज झालं असं तिला वाटलं असणार.

कल्याणीनगरच्या त्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही गेलो तो रविवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. इतक्या वर्षांनीही मी तेच म्हणेन.

बांबूच्या टोपल्यांतून वाफाळते मोमो आले. सत्यजितने काड्या उचलल्या, मोमो पकडला आणि तो सरळ सॉसमध्ये बुडाला.

"तसं नाही सत्यजितदादा," निशी म्हणाला. "खालची काडी हलवायचीच नाही. ती नुसती टेकवायची. काम वरचीने करायचं." आणि त्याने एक मोमो अलगद उचलून सत्यजितच्या प्लेटमध्ये ठेवला.

"अरे वा! कुठे शिकलास?"

"ताईच्या पेन्सिलींवर."

आम्ही तिघंही हसलो. मग निशीने बाबांची गोष्ट सांगितली. आम्ही लहान असताना बाबांनी आम्हाला पहिल्यांदा चायनीज खायला नेलं होतं. मांचुरियन आल्यावर त्यांनी वेटरला बोलावून विचारलं होतं, "रस्सा छान आहे हो, पण याच्याबरोबर पोळ्या कधी येणार?" निशीने बाबांचा आवाज काढला, त्यांची मान वाकडी करायची लकब केली, आणि वेटरचा बावचळलेला चेहराही केला. सत्यजितला हसून हसून ठसका लागला. मी मात्र निशीकडे बघत होते. तो नकला करायचा हे मी विसरूनच गेले होते.

निघताना निशी हात धुवायला गेला तेव्हा सत्यजित मला म्हणाला, "हेमांगी, तू मला याच्याबद्दलच सांगत होतीस?"

"हो."

"मग मला वाटतं आपण घरच्यांना सांगून टाकू या."

त्यानंतरचे काही रविवार आम्ही तिघं बाहेर जेवलो. कधी थाई करी, कधी पिझ्झा, कधी कोरियन म्हणून मिळणारं काहीतरी तिखटजाळ. निशी आता खूप बोलायचा. झोप थोडी कमी झाली होती, पण तोही उत्साहच वाटायचा. रेस्टॉरंटमध्ये शिरला की तो भिंतीला पाठ लावून बसता येईल अशीच खुर्ची निवडायचा. एकदा त्याने वेटरला विचारलं, "तुमचं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे? मागून रस्ता आहे का?" सत्यजितला त्याची गंमत वाटली. "हॉटेल काढायचा विचार आहे वाटतं साहेबांचा," तो म्हणाला. निशी हसला नाही. पण लगेच जेवण आलं आणि ते मागे पडलं.

मग दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं ठरलं. सत्यजितचे आईवडील ठाण्याहून येणार होते. जागा सत्यजितने निवडली, आम्ही पहिल्यांदा भेटलो होतो तीच. दोन टेबलं जोडून आमच्यासाठी जागा केली होती. आमच्या बाजूला आई, मी आणि निशी. समोर सत्यजितचे आईवडील, म्हणजे काका-काकू, आणि मध्ये तो. काकू इरकली साडी नेसून आल्या होत्या आणि मजेत होत्या.

"हे पास्ता म्हणजे आपल्या शेवयांचेच भाऊबंद ना हो?" त्यांनी आईला विचारलं.

"शेवया बऱ्या. हे रबरासारखं लागतं," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. काकांना कमी ऐकू यायचं, पण सगळे हसले म्हणून तेही हसले.

निशी गप्प होता. आईने मला खूण केली, दमला असेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने ओला झाला होता.

प्लेट्स आल्या. माझ्यासाठी पांढऱ्या सॉसमधला पास्ता होता. सत्यजितने टेबलावरचं किसलेलं चीज उचललं आणि वाकून माझ्या प्लेटवर भुरभुरलं. "हिला चीज जास्त लागतं," तो आपल्या आईला म्हणाला. काकू कौतुकाने बघत होत्या.

मी काटा उचलला, तेवढ्यात निशी उठला. त्याने माझ्यासमोरची प्लेट ओढून घेतली आणि उभ्या उभ्या खायला लागला. काट्याने नाही, हाताने. दोन्ही हातांनी. पास्ता चटका बसेल इतका गरम होता. तो गिळत होता, चावत नव्हता. सॉस त्याच्या हनुवटीवरून शर्टावर ओघळला.

"निशी!" आई ओरडली. "निशी, अरे काय करतोयस!"

मी त्याचा दंड धरला. त्याने कोपराने मला ढकललं. त्याने मला कधी साधा धक्कासुद्धा मारला नव्हता. माझी खुर्ची मागे कलंडली, मी पडता पडता वाचले. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून उभी राहिली. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं.

सगळ्यात आधी काकू सावरल्या. त्या फार भल्या बाई होत्या. त्यांनी आपली प्लेट निशीपुढे सरकवली. "घे बाळा, भूक लागली असेल. हेही घे. सावकाश खा."

निशीने त्या प्लेटकडे पाहिलं. "ते नको," तो म्हणाला. "ते ठीक आहे."

मग त्याने माझी प्लेट बोटांनी निपटून काढली, बोटं चाटली आणि रिकामी प्लेट सत्यजितपुढे ठेवली. "झालं," तो त्याला म्हणाला. "संपलं सगळं."

आणि भिंतीला पाठ लावून, पोटावर हात धरून, तो कशाची तरी वाट बघत उभा राहिला.

त्याच दुपारी त्याला हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. गाडी सत्यजितने चालवली. निशी मागे आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता आणि सगळा रस्ताभर माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद कशा असतील?" आई म्हणाली. "मी रोज माझ्या हाताने देते. माझ्यासमोर घेतो तो."

डॉक्टर निशीकडे वळले. "निशिकांत?"

"ताईला दादा भेटला तेव्हापासून," निशी म्हणाला. "जिभेखाली ठेवायचो. मग बेसिनमध्ये."

"का रे?" मी विचारलं.

"हात थरथरत होता ना. तिथे काड्यांनी खातात."

डॉक्टर आईला समजावत होते. गोळ्या थांबवल्या की आधी त्यांचा त्रास जातो, हात थांबतो, चेहरा मोकळा होतो, माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. आजार नंतर परततो. कधी काही आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. मला फक्त मोमोची टोपली दिसत होती, आणि बाबांची नक्कल करणारा निशी.

वॉर्डात तो बरेच दिवस नुसता झोपून होता. एके दिवशी मी त्याच्या उशाशी बसले असताना त्याने डोळे उघडले.

"ताई, तुला काही झालं नाही ना?"

"मला काय होणार?"

"तू त्यातलं काही खाल्लं नव्हतंस ना? मी आधीच उठणार होतो. पण नक्की कळत नव्हतं कुणाच्या प्लेटमध्ये आहे." तो जड जिभेने एकेक शब्द सोडवत होता. "मग त्याने तुझ्या प्लेटवर पांढरं टाकलं. सगळ्यांसमोर टाकलं. कुणी काही बोललं नाही, आईपण नाही. मग मी खाल्लं. सगळं खाल्लं. एक शेवईसुद्धा ठेवली नाही."

मी त्याचा हात हातात घेतला.

"निशी, ते चीज होतं. बघ, तू सगळं खाल्लंस आणि तुला काही झालं नाही. म्हणजे त्यात काही नव्हतं."

"मला नाही होत," तो शांतपणे म्हणाला. "मला सवय आहे. एवढ्या वर्षांच्या गोळ्या आहेत पोटात. तुला झालं असतं."

संध्याकाळी सत्यजित फळं घेऊन आला. तो दारात दिसला मात्र, निशी पलंगावरून अर्धा उठला आणि त्याने आपला तळहात माझ्या तोंडावर दाबला. त्याला वाटत होतं मी त्या पिशवीतलं काही खाईन. हात काढायला दोन नर्सेस लागल्या.

बाहेर जिन्यात मी सत्यजितला सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला.

"मी नुसतं चीज टाकलं गं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"त्याला मी सांगतो. हळूहळू सांगतो. तो माझं ऐकायचा."

त्याने प्रयत्न केला. त्याच्या आईवडिलांनीसुद्धा पाऊल मागे घेतलं नाही. काकू म्हणाल्या, पोरगा आजारी आहे, त्यात कुणाचा दोष? कोणीतरी वाईट वागलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण निशीच्या मनातून ती भीती गेली नाही. औषधांनी आवाज कमी झाले, भिंतीतली माणसं गेली, एवढी एकच गोष्ट राहिली. मी सत्यजितला भेटून आले की त्याला कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं. मग तो जेवण सोडायचा. ओरडायचा नाही, भांडायचा नाही, तोंड मिटून घ्यायचा. मी मेले आहे आणि घरी आली ती दुसरीच कोणीतरी आहे, असं तो आईला सांगायचा. दोनदा त्याला सलाईन लावायला न्यावं लागलं. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. शेवटी मलाच म्हणाले, "काही समजुती अशा असतात की आम्ही फक्त त्यांच्या कडेकडेने जाऊ शकतो."

त्याला एखाद्या संस्थेत ठेवावं असं सत्यजित कधीही म्हणाला नाही. मीच एकदा म्हणाले. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

सत्यजितला मी शेवटचं भेटले ते त्या कल्याणीनगरच्या रेस्टॉरंटमध्येच. आम्ही सवयीने मोमो मागवले. त्याने काड्या बाजूला ठेवून काटा घेतला. दोघांनीही फारसं खाल्लं नाही.

"मी थांबेन," तो म्हणाला.

"कशासाठी?"

टोपलीतून येणारी वाफ थांबली. वेटरने येऊन विचारलं, काही कमी-जास्त झालं का साहेब? सत्यजित म्हणाला, नाही, छान होतं.

तो बरेच दिवस थांबला. मग त्याचं लग्न झालं. काकूंनी आईला फोन करून स्वतः सांगितलं, आणि दोघी फोनवर रडल्या.

आई जाऊन आता पाच वर्षं झाली. निशीला महिन्याला इंजेक्शन देतात, त्यामुळे चुकवायचा प्रश्न नाही. त्याचा हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो. बोलणं दिवसाकाठी चार-सहा वाक्यं. तो नकला करायचा हे आता फक्त मला माहीत आहे. एकदा मी त्याला बाबांच्या पोळ्यांची गोष्ट सांगून पाहिली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग आल्या का पोळ्या?"

जेवणाचं आमचं ठरलेलं आहे. मी दोन ताटं वाढते. निशी माझं ताट आपल्याकडे ओढतो, त्यातल्या प्रत्येक पदार्थाचा एकेक घास खातो आणि समोरच्या घड्याळाकडे बघत बसतो. सुरुवातीला मी वाद घातला, रडले, ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. मग तो दाराबाहेर उभा राहून थरथरायचा. आता मी काही म्हणत नाही. त्याचं समाधान झालं की तो ताट माझ्याकडे ढकलतो आणि म्हणतो, "खा."

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या ऋजुताचं लग्न ठरलं. तिने सगळ्यांना बाणेरला दुपारच्या जेवणाला नेलं. इटालियन आणि एशियन दोन्ही मिळणारं मोठं ठिकाण, पोरांची नुसती धमाल चालली होती. कुणी सुशी मागवली, कुणी पिझ्झा. माझ्यासाठी ऋजुतानेच काहीतरी निवडलं. जेवण आलं, गप्पा सुरू झाल्या. मीही ऐकत होते, हसत होते.

"मॅडम, तुम्हाला आवडलं नाही का?" ऋजुताने विचारलं. "दुसरं मागवू?"

"नाही गं, छान आहे."

"मग खा ना. केव्हाचं समोर ठेवलंय."

मी खाली पाहिलं. बाकीच्यांचं जेवण संपत आलं होतं. माझ्या प्लेटमधल्या सॉसवर साय धरली होती, आणि माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मी काटा उचलला. पहिला घास तोंडापर्यंत नेला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काटा खाली ठेवला आणि म्हटलं, "घरी भाऊ एकटा आहे गं. निघते मी."

ऋजुताने सगळं डब्यात भरून माझ्या हातात दिलं. घरी आल्यावर मी ते ताटात काढलं. निशी आला, बसला, त्याने ताट आपल्याकडे ओढलं आणि थरथरत्या हाताने पहिला घास घेतला. मग तो घड्याळाकडे बघायला लागला, आणि मी त्याच्या समोर बसून राहिले.